एका परिचिताकडून

३ फेब्रुवारी

बाईसाहेब,

असं म्हटलं की तुझं नाक फुगतं, ते माहीत असूनच लिहिलंय. नाक फुगलं असेल तर पत्र उघडलंस असं मी धरून चालतो.

फोनवर माझ्या निरोपांपुढे अकरा आठवडे एकच टिक आहे. तुझी आई रोज संध्याकाळी गॅलरीत जाऊन तुझ्याशी तासभर बोलते, आत येते आणि मी तोंड उघडायच्या आत सांगते, "मी काही पोस्टमन नाही." म्हणून खऱ्या पोस्टमनला त्रास देतोय.

आधी बातमी. तुझ्यासाठी राखून ठेवलेल्या बातम्यांचा ढीग साचलाय आणि तुझ्या आईला त्यात काडीचा रस नाही. एका गृहस्थांनी दाराला हुशार कुलूप बसवलं, मालकाचा चेहरा बघून उघडणारं. गृहस्थ दात काढून आले, गाल हा एवढा सुजलेला. कुलूप म्हणालं, आपण कोण? त्यांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला, तर पलीकडच्या यंत्राने शांतपणे सांगितलं, आत जाऊन दारामागचं हिरवं बटण दाबा. चार तास बिचारे जिन्यावर बसून. शेवटी सुताराला बोलावून दार फोडलं, तेव्हा कुलूप सुताराला म्हणालं, "या, स्वागत आहे." हे शेवटचं वाक्य माझ्या पदरचं आहे, पण तिथे ते हवंच होतं.

आता मुद्दा. नोव्हेंबरात मी माझ्या 'खुट्ट' या सदरात तुमच्या कंपनीच्या बोलक्या डबीची गंमत लिहिली, तिचा तुला राग आलाय. अगं, पण गंमत होतीच तशी! माणूस घराबाहेर पडताना "येतो" म्हणतो आणि डबी समजते, आला. मग दिवे लावते, गीझर चालू करते आणि रिकाम्या घराला विचारते, "दमलात का?" चौतीस वर्षं पेपरात दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर मला निवृत्तीनंतर ही रकानाभर जागा मिळाली. चार वर्षांत तू सोडून कोणी त्या सदराला बरं म्हटलं नव्हतं. हा लेख मात्र लोकांनी एकमेकांना पाठवून पाठवून इतका फिरवला, की माझाच लेख मला तीन जणांनी 'वाचा, हसून लोटपोट व्हाल' असं लिहून पाठवला. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

तू फोनवर सहज सांगितलंस, मी लिहिलं. छापू नका असं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. त्यात तुझं नाव नाही, कंपनीचं नाव नाही. 'एका परिचिताकडून कळले' एवढंच आहे. याहून जास्त काळजी ती काय घ्यायची?

तरी तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर.

बाबा


१९ फेब्रुवारी

ठमे,

मागचं पत्र मी पाकिटात घालून चिकटवायला तुझ्या आईकडे दिलं, ही माझी चूक. तिने ते उघडं होतं म्हणून वाचलं. वाचून म्हणाली, "एकही चूक नाही हो. खोटंसुद्धा किती शुद्ध लिहिता तुम्ही!"

मी म्हटलं, यात खोटं काय?

"आठवत नाही म्हणालात ते. फोन स्पीकरवर होता. मी इथे भाजी निवडत होते."

तर ठमे, आठवतंय मला. रविवार होता. तू नुकती केस धुऊन आली होतीस आणि हसून हसून तुला बोलता येत नव्हतं. "बाबा, आमची डबी ना, जाणाऱ्याचं स्वागत करते!" मीही हसलो. मग तू म्हणालीस, "पण हे 'खुट्ट'मध्ये नको हं. आम्ही दुरुस्त करतोय अजून." मी म्हटलं, छे छे, भलतंच काय. आणि तेव्हा माझा दुसरा हात कॅलेंडरच्या पाठीमागे 'येतो, गीझर, दमलात का' असं लिहीत होता. आईला ते कॅलेंडर नंतर सापडलं. तिने ते फाडलं नाही, घडी करून कपाटात ठेवलंय. गरज पडेल तेव्हा काढते.

माफी 'वाईट वाटलं असेल तर' अशी मागत नाहीत, हेही तिनेच सांगितलं. बरोबर आहे तिचं. मी शब्द दिला होता आणि मोडला. माफ कर.

पुढचं मला कालच कळलं, तेही मी घरच्या पोस्टमनच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, मागे हात धुऊन लागलो म्हणून. तुमच्या वरच्या साहेबांनी माझा लेख भाषांतर करून मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवला. सगळे हसले. मग म्हणाले, जिथे जाताना 'येतो' म्हणतात ती भाषा यंत्राला कशी शिकवायची? तीनशे घरं-दुकानांत डबी ठेवून एप्रिलअखेर बघू, तोवर चुका गेल्या नाहीत तर मराठी बंद. म्हणजे डबीला मराठी शिकवण्याचं तुझं सहा वर्षांचं काम आणि तुझ्या हाताखालची अकरा माणसं माझ्या एका रकान्यावर टांगली आहेत. असं असताना तू बारा-बारा तास त्या डबीपुढे बसतेस, आणि मी इथे तीन जणांनी लेख पाठवला म्हणून छाती फुगवून फिरतोय.

एक छोटी बातमी देतो, हसू नकोस हवं तर. कुठल्याशा कचेरीत ऑनलाइन मीटिंग झाली. पाच जणांपैकी चौघांनी आपल्याऐवजी टिपणं घेणारी यंत्रं पाठवली. पाचवा माणूस खरा होता, पण त्याचा आवाज बंद होता. मीटिंगचा वृत्तान्त चार प्रतींत मिळाला आणि चारही यंत्रांचं मत पडलं की चर्चा मोकळेपणाने झाली.

हे मी छापलेलं नाही. आधी तुला पाठवतोय.

बाबा


११ मार्च

ठमे,

खालचे चष्मेवाले तुमच्या तीनशेत आहेत! मला पत्ता नव्हता. परवा चष्म्याची काडी बसवायला गेलो, तर काउंटरवर डबी. मी तिच्याकडे असा बघत राहिलो, की चष्मेवाले म्हणाले, "नंबर वाढला का काका?"

आठ वाजत आले होते. त्यांनी नेहमीसारखे हात झटकले आणि म्हणाले, "चला, वाढवू या दुकान." दुकानातले सगळे दिवे भक्कन मोठे झाले. गाणं इतकं जोरात लागलं की रस्त्यावरची माणसं थांबली. आणि डबी आपली गोड आवाजात विचारते, "शेजारचे दोन गाळे भाड्याने उपलब्ध आहेत, चौकशी करू का?" चष्मेवाले ओरडताहेत, "अगं, बंद करायचंय! वाढवायचं म्हणजे बंद!" आणि ती म्हणते, "क्षमा करा, वाढवू की बंद करू?"

मी मोडलेल्या काडीसकट खुर्चीत बसून इतका हसलो की चष्मेवाल्यांनी पाणी दिलं.

हा 'येतो'पेक्षा सरस किस्सा आहे. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनीच तो पेपरात जाऊन सांगितला, त्यांना काय माहीत. संपादकांचा लगेच फोन. तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत ते, मला काका म्हणतात. "काका, पहिल्या पानावर देतो. नाव ठळक टायपात." पहिलं पान! माझ्या नावाने पहिल्या पानावर कधी काही आलेलं नाही. मी म्हटलं, नाही लिहिणार. त्यांना वाटलं तब्येत बरी नाही. मी म्हटलं, तब्येत ठणठणीत आहे, त्या डबीला मराठी शिकवणारी माणसं अजून शिकवताहेत, परीक्षेच्या आधी निकाल लावायचा नसतो. ते म्हणाले, मग सदर या आठवड्यात रिकामं जाईल. जाऊ दे म्हटलं.

किस्सा तुला पाठवतोय, छापण्यासाठी नव्हे, दुरुस्तीसाठी. आणि सोबत बावीस पानं आहेत. घाबरू नकोस. चौतीस वर्षं लोकांचा मजकूर वाचताना, जे लिहिलंय एक आणि म्हणायचंय भलतंच, ते मी वहीत टिपत आलो. का टिपतोय ते मलाच माहीत नव्हतं. त्यातलं घरात बोललं जातं तेवढं उतरवून काढलंय.

'आलोच' म्हणणारा आलेला नसतो, निघालेला असतो. 'बघू' म्हणजे नाही. 'बघू या' म्हणजे कदाचित. 'बघतोच' म्हणजे धमकी. 'काही नाही' असं बाईमाणूस म्हणालं तर बरंच काही आहे, डबीने गप्प बसावं. 'दिवा लाव' ही आज्ञा आहे, पण 'काय दिवे लावलेत!' यावर दिवा लावू नये. (हे वाक्य तुझ्या आईने माझ्याबद्दल नोव्हेंबरात म्हटलं होतं. उदाहरण ताजं आहे.) 'हवा येऊ द्या' कधी खिडकीसाठी असतं, कधी गर्दीसाठी, कधी बोलणाऱ्याने थांबावं म्हणून. आवाजावरून ओळखायचं.

तिसरं पान नीट बघ. त्यात 'वाढणे' आहे, पूर्ण पानभर. ताटात वाढणं, वयाने वाढणं, दुकान वाढवणं. बांगडी फुटली म्हणायचं नाही म्हणून वाढली म्हणणं. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून आपण चांगला शब्द उलटा वापरतो, ही गोष्ट साहेबांना सांग. अडाणीपणा नाही तो, मऊपणा आहे.

वापर नाहीतर फेकून दे. पण वाच.

बाबा


३० मार्च

ठमे,

तुझं पाकीट मिळालं.

आईला वाटलं पत्र आलं. ती हात पुसत धावत आली. आत माझा नोव्हेंबरचा लेख होता, कातरून काढलेला, कडा अगदी सरळ. बाकी एक अक्षर नाही. फक्त एका शब्दाखाली लाल रेघ आणि समासात प्रश्नचिन्ह.

आई म्हणाली, "हे काय?"

मला कळलं. तिसरीत होतीस तेव्हा माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून तू जुन्या प्रुफांवर खुणा करायचीस. तेव्हा मीच शिकवलं होतं, की चूक असेल तर आपण खोडायचं, पण शब्द बरोबर असून खटकत असेल तर खोडायचा नाही. खाली रेघ मारायची, समासात प्रश्नचिन्ह करायचं. म्हणजे लेखकाला विचारायचं, 'तुम्हाला खात्रीने हेच म्हणायचंय का?'

रेघ 'परिचिताकडून' या शब्दाखाली आहे.

म्हणजे चार महिने मी समजत होतो की तुला राग आलाय तो शब्द मोडल्याचा. नोकरी टांगणीला लागली त्याचा. त्याचाही असेल. पण रेघ तिथे नाहीये.

गेले सहा दिवस मी स्वतःलाच विचारतोय. पहिल्या पत्रात मी फुशारकी मारली की काळजी घेतली, नाव टाकलं नाही. ते खरं नाही. 'माझ्या मुलीकडून कळले' असं लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, मुलगी मजेशीर आहे हो तुमची. विनोद तुझा झाला असता. मला तो माझा हवा होता. तू मला घरातली म्हणून, विश्वासाने, ओले केस पुसत सांगितलंस, आणि मी छापताना तुला जिन्यात भेटणारं कोणीतरी करून टाकलं. शब्द व्याकरणाने बिनचूक आहे, म्हणून माझ्या लक्षातही आलं नाही.

लाज वाटते, ठमे. चौतीस वर्षांत ज्याने कधी प्रूफ दोनदा मागवलं नाही, त्याच्याकडून हे.

आणि त्याच वेळी, सांगू का, ती लाल रेघ मी पुन्हा पुन्हा काढून बघतो ते नुसत्या लाजेने नाही. एवढ्या लेखातला नेमका तो एक शब्द! खाडाखोड नाही, शिवीगाळ नाही, एक रेघ आणि एक चिन्ह. माझ्या हाताखाली पेपरात सतरा जण शिकून गेले, असं कोणाला जमलं नाही.

काल संध्याकाळी मी मुद्दाम चष्मेवाल्यांकडे जाऊन बसलो. आठ वाजता ते म्हणाले, "वाढवतो आता." दिवे एकेक करून मंद झाले, गाणं थांबलं, आणि डबी म्हणाली, "बरं, उद्या भेटू." चष्मेवाले म्हणाले, "सुधारली की हो ही!" मी म्हटलं, "सुधारली नाही, शिकवली. माझ्या मुलीने शिकवली." पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. ते म्हणाले, "काय सांगता! आणि इतके दिवस बोलला नाहीत?"



बाबा


१६ एप्रिल

ठमे,

आज बातमी नाही. सोबत एक प्रूफ आहे.

संपादकांकडे मी दुरुस्तीसाठी जागा मागितली. ते म्हणाले, "काका, पाच महिन्यांपूर्वीच्या लेखाची दुरुस्ती? कोण वाचणार?" मी म्हटलं, एक जण. मग त्यांनी जागा दिली. मजकूर असा आहे, चार ओळींचा:

'नोव्हेंबरमध्ये या सदरात बोलक्या यंत्राविषयीचा किस्सा "एका परिचिताकडून कळले" असा छापला. तो "माझ्या मुलिकडून कळले" असा वाचावा. विनोद तिचा होता. यंत्राला मराठी ती शिकवते, आणि उत्तम शिकवते. तिने छापू नका म्हटले असताना मी छापले, ही चूक माझी.'

पण या वेळी मी परस्पर छापणार नाही. किस्सा घरातून बाहेर आला हे कंपनीला कळलं तर तुला त्रास होईल का, ते मला ठाऊक नाही. एप्रिल संपायला दोन आठवडे आहेत, तुझं आणि त्या अकरा जणांचं सगळं त्यावर आहे. म्हणून ठरवायचं तू. समासात 'छापा' लिहिलंस तर छापू. 'नको' लिहिलंस तर ही चिठ्ठी मी माझ्याकडे ठेवेन, आणि तुला माझा शब्द, या वेळी खरोखर ठेवेन. काहीच लिहिलं नाहीस तर ते 'नको' असं समजेन.

आई म्हणते, प्रुफाबरोबर उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट घाला. घातलंय.

बाबा


५ मे

माझी ठमे,

आईने तुझ्याकडून कळलेलं आधी सांगितलं: मराठी राहणार! तीनशे ठिकाणच्या चुका मोजल्या तर कंपनीच्या सगळ्या भाषांत मराठीच्याच कमी निघाल्या, साहेबांनी अकराही जणांना उभं करून त्यांच्यासाठी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी खाली जाऊन चष्मेवाल्यांना सांगितलं, वाण्याला सांगितलं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सांगितलं. त्याने विचारलं, "कोण तुमची?" मी म्हटलं, "मुलगी हो, मुलगी!" आणि तो बिचारा घाबरून अभिनंदन म्हणाला.

मग दुपारी प्रूफ आलं.

आधी तुझी खूण बघितली आणि मला घाम फुटला. 'मुलिकडून'मधल्या 'लि'भोवती लाल गोल, समासात 'ली' आणि पुढे 'दीर्घ!!' असं दोन उद्गारचिन्हं देऊन. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक वेलांटी चुकली नाही, आणि चुकली ती नेमकी या शब्दात. तिकडे नुसती हसली असशील. तीन वेळा वाचून पाठवलं होतं मी ते. दरवेळी त्या शब्दापाशी आलो की डोळ्यांपुढचं धूसर व्हायचं, त्याचा हा परिणाम. चष्म्याचा नंबर नाही वाढलेला, तपासून घेतलाय.

त्याच्या खाली तू 'छापा' लिहिलंयस.

आणि त्याच्याही खाली, समास संपून कागदाच्या कडेला वळून, बारीक अक्षरात जे लिहिलंयस ते मी आईला वाचून दाखवायला घेतलं. तू हे तिलाही कधी बोलली नव्हतीस.

'कंपनीची काळजी नको. त्यांना नोव्हेंबरातच माहीत आहे. लेख पडद्यावर होता आणि सगळे हसत होते, तेव्हा मी उभी राहून म्हटलं होतं, हे माझ्या बाबांनी लिहिलंय.'

'माझ्या बाबांनी'पर्यंत मला वाचता आलं. त्यापुढचा शब्द आईने वाचला.

बाबा